सुतक दापोलीत, सुरमई हर्णैत

दिरासाठी दापोलीचं एक स्थळ आलं होतं. बुधवारी मुलगी बघायची असं ठरलं, लॉजवर दोन खोल्या घेतल्या आणि आम्ही पहाटेच पुण्याहून निघालो. ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेत करत मंडणगडला चहाला थांबलो, तर मुलीच्या काकांचा फोन. भाऊबंदांतले कुणी वृद्ध गृहस्थ रात्री गेले, सुतक लागलं, आता तेराव्यानंतरच काय ते बघू. यात कुणाचाच दोष नव्हता. पण खोल्यांचे पैसे भरलेले, दीर नवा शर्ट घालून बसलेला, आणि परत फिरायचं तर पुन्हा तोच घाट. सासूबाईंनी उरलेला चहा संपवला आणि म्हणाल्या, "आज बुधवारच ना? मग हर्णैला जाऊया. मासळी तरी बघू."

सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. पुण्यात येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, पण पुण्यात मिळणाऱ्या मासळीबद्दलचं त्यांचं मत काही बदललं नाही. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे मासा म्हणजे नदीचा, तोही पहिल्या पावसात चढणीला लागलेला. समुद्राच्या माशातलं मला जे काही कळतं ते त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून शिकलेलं. त्यामुळे त्या म्हणतील तसं, असं ठरवूनच मी गाडीत बसले.

लॉजच्या मॅनेजरने सांगितलं की हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव सकाळीही होतो, पण संध्याकाळचा बघा, चारच्या सुमाराला पोचा. "आणि चपला जुन्या घाला. अमावास्या उद्यावर आलीय, पाणी लांब गेलेलं असणार." तेव्हा त्या वाक्याकडे आम्ही कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

दापोलीहून हर्णै पंधराएक किलोमीटर. आसूदच्या सुपारीच्या बागा गेल्या, वळणं उतरली आणि गावात शिरल्यावर रस्ता इतका अरुंद झाला की समोरून बर्फाचा टेम्पो आला तेव्हा दिराला गाडी एका घराच्या पडवीपर्यंत मागे घ्यावी लागली. पडवीत जवळा सुकत घातला होता. घरातल्या आजींनी तो हाताने बाजूला केला, गाडी जाऊ दिली आणि पुन्हा पसरला. रोजचंच असावं.

बंदर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर धक्का, क्रेन, गोदामं असं काहीतरी होतं. इथे होती ती पुळण, नुसती वाळू. खाडीच्या कुशीत शेकडो होड्या-ट्रॉलर नांगरलेले, त्यांच्यावर रंगीबेरंगी बावटे, आणि पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. डाव्या हाताच्या टेकाडावर कनकदुर्ग आणि त्याच्यावरचं दीपगृह. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांतला एक हा सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून तो गेला, इंग्रजांचा कमोडोर जेम्स समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून, असा दोन्हीकडून. मराठ्यांचं आरमार बुडवायला मराठ्यांनीच हात लावला, हे शाळेत शिकताना जितकं खटकलं होतं त्याहून इथे, किल्ला समोर दिसत असताना, जास्त खटकलं. किल्ल्यावर जायला होड्या मिळतात, पण आम्ही त्या वाटेला गेलो नाही. सासूबाईंचं लक्ष वाळूवर होतं.

मोठ्या बोटी काठाला लागत नाहीत, तेवढं पाणीच नाही. बोट आत नांगरून ठेवतात, छोटी होडी तिच्याजवळ जाते, माल उतरवून घेते आणि जितकं पाणी असेल तितकी काठाकडे येते. भरती असली की होडी बरीच आत येते. आमच्या नशिबी अमावास्येची ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं, मधे ओल्या वाळूचा आणि चिखलाचा पट्टा. त्या पट्ट्यातून बैलगाड्या ये-जा करत होत्या. सरळ पाण्यात शिरायच्या, चाकाचा तुंबा बुडेपर्यंत. जाताना बर्फाच्या लाद्या, डिझेलचे ड्रम आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन; येताना मासळीचे क्रेट. होडी गाडीला येऊन टेकेपर्यंत बैल लाटांत शांत उभे. एक लाट पोटावर आपटली तेव्हा एका बैलाने फक्त मान वळवली. गाडीवानाने त्याच्या नावाने काहीतरी पुटपुटून कासरा सैल सोडला.

मी शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, धक्का का नाही? "होणार, होणार ऐकतच आमची पिढी म्हातारी झाली," ते म्हणाले आणि हसले. मग स्वतःच हिशोब घातला: बोटीवरून होडीत, होडीतून गाडीत, गाडीतून वाळूवर, वाळूवरून टेम्पोत. "प्रत्येक वेळी मासा हाताळायचा आणि प्रत्येक हाताला पैसे. वर बर्फ वितळतो तो वेगळाच." आपण ताटात बघतो त्या माशाच्या किमतीत बैलांच्या चाऱ्याचाही भाग आहे, हे मला तरी नवीन होतं.

वाळूवर माल पडत होता. पडत होता हाच शब्द योग्य, कारण क्रेट उलटला की मासे अक्षरशः ओघळून ढीग होतो. एका ठिकाणी कोळंबी, तिच्याभोवती चार-पाच बायका उकिडव्या बसून आकाराप्रमाणे निवडत होत्या. हात इतके भराभर चालत होते की बोटं दिसत नव्हती. मधेच सापडलेलं म्हाकूल, एखादा खेकडा, बोटाएवढी मांदेली, सगळं आपापल्या टोपलीत न बघता जात होतं. पलीकडे बांगड्यांचे टब, वाकट्यांच्या लांब चंदेरी पट्ट्या, ढोमे, एक मोठी मोरी, म्हणजे शार्क. पापलेटं थोडी, आणि त्यांतली बरीच तळहाताएवढीच. पापलेट हा २०२३ पासून आपला राज्यमासा, आणि त्याच वर्षी सरकारने चोपन्न जातींच्या माशांना किमान आकाराची अट घातली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही म्हणून. ते बोलून दाखवल्यावर एक तरुण खलाशी म्हणाला, "जाळ्याला सांगा, मीटरपट्टी घेऊन जा." तो मूळचा नेपाळचा, मराठी मात्र माझ्याहून फर्डी बोलत होता. इकडच्या बोटींवर आता नेपाळी पोरं पुष्कळ दिसतात. हंगामभर बोटीवर, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा गावाकडे.

लिलाव कुठे सुरू होणार हे कळायला फलक लागत नाही. कुठल्या तरी ढिगाभोवती माणसं एकदम दाटतात, तोच लिलाव. आम्हीही दाटीत घुसलो. मधोमध पाच सुरमया मांडलेल्या. सासूबाई खाली वाकल्या. सुरमईच्या पाठीवर अजून तो निळा-हिरवा झाक होता, जो बर्फात दोन दिवस राहिली की करडा होऊन जातो. त्यांनी बोटाने कल्ला उचलून दाखवला, आत लालभडक. "डोळा बघ. बाहेर आलेला, काचेसारखा. आत गेलेला डोळा म्हणजे शिळा." मग अंगठ्याने पाठ दाबली, खड्डा पडला नाही. शेजारी दोन पापलेटं होती, त्यांच्याही कल्ल्याजवळ दाबून त्यांनी पांढरं पाणी येतं का पाहिलं. तेवढ्यात लिलाव करणारा गृहस्थ ओरडला, "ओ आजी, हात नंतर, आधी बोली!" आजी म्हटल्याचं त्यांना लागलं, आणि तरीही त्या उठल्या नाहीत.

बोली सुरू झाली चार हजारांवर. सगळ्या ढिगाची, नगाची किंवा किलोची नव्हे. वजन तिथे कुणी करत नाही, प्रत्येकाने नजरेनेच किलो जोखायचे. मला त्या पाच सुरमया पंधरा किलोच्या वाटल्या. सासूबाई म्हणाल्या अकरा. तो गृहस्थ एका सुरात म्हणत होता, "चार, चार, चार दोन, चार दोन, चार पाच," आणि मी भोवती बघत होते की बोली लावतंय कोण. कुणी तोंड उघडत नव्हतं. नंतर उमगलं, कुणी हनुवटी हलवतंय, कुणी नुसतं डोळ्याला डोळा भिडवतंय. त्याला सगळ्यांचे चेहरे पाठ. बाजूला एकजण वही घेऊन उभा. ज्याला माल सुटला त्याचं नाव आणि आकडा वहीत, पैसे बहुतेकांचे मागाहून. पुष्कळ बोटवाल्यांनी डिझेल, बर्फ, जाळं यांसाठी व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली असते, त्यामुळे माल कुणाकडे जाणार हे कधी कधी बोट समुद्रात असतानाच ठरलेलं असतं. लिलाव उघड्यावर होतो म्हणून तो सगळ्यांना सारखा खुला असतो असं नाही.

आमच्या ह्यांना राहवलं नाही. बोली पाच हजारांवर असताना त्यांनी हात वर करून स्पष्ट आवाजात "पाच हजार शंभर!" म्हटलं, बँकेत टोकन नंबर सांगावा तसं. क्षणभर सगळे गप्प, मग हशा. लिलाव करणाऱ्याने मान तिरकी करून विचारलं, "साहेब, रोख?" आणि दुसऱ्याच क्षणी कुणीतरी मागून हनुवटी हलवली असणार, कारण आकडा पाच तीनवर गेला. मग आमच्या बाजूला उभ्या असलेल्या निळ्या लुगड्यातल्या बाईने ह्यांचा हात धरून खाली केला. "दादा, तुमी नको बोलू. तुमच्याकडे बघून ते चढवणार. किती पायजे तुमाला?"

"दोन," सासूबाई म्हणाल्या.

"मग गप उभी रा काकू, मी घेते."

काकू म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा निवळला. बाईने काय केलं ते मला दिसलं नाही, पण पाच सहावर बोली थांबली. एकवार, दोनवार, तीनवार, आणि वहीवाल्याने तिचं नाव लिहिलं. पाच हजार सहाशे. तिने पाचही सुरमया पाटीत घेतल्या आणि गर्दीबाहेर, पुळणीच्या वरच्या अंगाला तिची जागा होती तिथे नेऊन मांडल्या. त्यांतल्या दोन आमच्या. तिच्याकडच्या तराजूवर साडेचार किलो भरल्या. म्हणजे सासूबाईंचा अकराचा अंदाज बरोबर होता, आणि मी गप्प राहिले ते बरंच झालं.

बाईने अडीच हजार सांगितले. सासूबाईंनी दोन हजार. आता ही खरी बोली. पहिली मुकाट्याने झाली, ही तोंडाने.

"लिलावात काय पडली ते बघितलं आम्ही."

"बघितलं तर बोलते कशाला काकू? हितवर कोणी आणली? राहिलेल्या तीन नाय खपल्या तर रात्री बर्फ कोण टाकणार? आन परवापासून मार्गशीर्ष. लोक गुरुवार धरणार, कोण खातं मग?"

हे मात्र खरं होतं आणि सासूबाईंना ते माहीत होतं, कारण मार्गशीर्षातले गुरुवार त्यांच्याकडेही असतात. श्रावणात भाव बसतो, मार्गशीर्षात बसतो, आठवड्यातल्या सोमवार-गुरुवार-शनिवारी गिऱ्हाईक निम्मं. समुद्राला मात्र वार कळत नाही, मासा पडायचा तेव्हाच पडतो. व्यापाऱ्याचा माल टेम्पोतून मोठ्या बाजाराला निघून जातो, त्याला दुसरं गिऱ्हाईक भेटतं. ही बाई वाळूवर बसलेली. उद्या सकाळपर्यंत विकलं नाही तर तोटा तिचा एकटीचा. लोक म्हणतात या बायका मधे बसून भाव चढवतात. मला तिथे उभं राहून वाटलं की आख्ख्या पुळणीवर जोखीम उचलणारी आणि तरी चेहऱ्याने ओळखता येणारी तीच एक आहे, म्हणून सगळे तिच्याशीच भांडतात.

चोवीसशेवर तुटलं. वर तिने ओंजळभर कोळंबी पिशवीत टाकली, "पोराला दे," म्हणून. पोर म्हणजे माझा दीर, वय एकतीस.

मासे साफ करायला दोन पावलांवर दुसरी बाई होती, मोठ्या कोयत्याची. तिने विचारलं, पुण्याला नेणार का? मग तुकड्या आत्ता नको, सकाळी निघताना या. आत्ता फक्त कल्ले आणि पोट काढते. कल्ले आणि आतडी आधी नासतात, बाकीचा मासा अख्खा राहिला तर टिकतो. तिने पोटात बोट फिरवून मणक्याला चिकटलेलं रक्त खरवडलं, समुद्राच्या पाण्याने धुतलं आणि सांगितलं, नळाखाली धरू नका, घरी गेल्यावर काय ते धुवा. ह्यांनी थर्माकोलचा खोका आणि बर्फाचा चुरा आणला. खाली चुरा, मग मासे, पोटातही चुरा भरलेला, वर पुन्हा चुरा. खोक्याच्या कोपऱ्याला खिळ्याने एक भोक, वितळलेलं पाणी निघून जायला, कारण मासा गार पाण्यात तरंगत राहिला की अंग सैल पडतं. हे सगळं तिने न मागता सांगितलं आणि साठ रुपये घेतले. तिच्याशी सासूबाईंनी घासाघीस केली नाही.

अंधार पडायला लागला तसे पुळणीवर दिवे लागले. वितळणाऱ्या बर्फाची, डिझेलची आणि मासळीची मिळून जी एक दर्प असते ती आता कपड्यांत बसली होती. ते मघाचे बाबा पुन्हा भेटले. मी विचारलं, पूर्वीपेक्षा मासा कमी झाला का? त्यांनी समुद्राकडे हात केला. "काळोखाच्या रात्री आहेत. आता बाहेर बघाल तर दिवाळी दिसेल." एलईडी लावून मासेमारी करायला बंदी आहे. तरी उजेडावर जमलेला मासा लहान-मोठा न बघता एका घेऱ्यात उचलणाऱ्या बोटी येतात, आणि छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात मग उरेल तेवढंच येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची स्वतःची होडी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात गेली. छप्पर त्याच दिवशी गेलं. छप्पर परत घातलं, होडी नाही. आता मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आहे. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा करून जे उरतं त्यात बोटीचा भाग आणि माणसांचे भाग, हा जुना हिशोब त्यांनी वाळूवर बोटाने रेघा ओढून मला समजावला. "खर्च वाढला की भाग आपोआप बारीक," म्हणाले, आणि एक रेघ पुसली.

ती कोळंबी आम्ही लॉजवरच शिजवून घेतली. स्वयंपाकघरात सासूबाई स्वतः शिरल्या, तिथल्या आचाऱ्याला बाजूला सारून. त्याने तिरफळं आहेत म्हटल्यावर त्या हरखल्या. मग कळलं की कोळंबीला ती नकोतच, बांगड्याला हवीत, आणि बांगडा तर आम्ही घेतलाच नव्हता. आचारी आणि त्या यांच्यात यावरून जी चर्चा झाली तिच्यात मला गती नाही. कोळंबी चांगली झाली होती. दीर दुपारपासून पहिल्यांदा नीट जेवला.

सकाळी तुकड्या करून, बर्फ बदलून निघालो. गाडीत एसी पूर्ण, सगळ्यांच्या अंगावर शाली. माणगावला एकदा भोकातलं पाणी सोडलं. दुपारी पुण्यात पोचलो तर जिन्यातच शेजारच्या काकू भेटल्या. खोका बघून त्यांनी विचारलं, काय आणलंत, कितीला पडली?

"सुरमई, हर्णैची. दोन मोठ्या. दोन हजारांत दिल्या तिने," सासूबाई म्हणाल्या, डोळ्याची पापणीही न हलवता.

"अगंबाई, एवढी स्वस्त? मग पुढच्या वेळी आमच्यासाठी पण दोन आणा. आत्ताच देऊन ठेवते पैसे."

त्यांनी दोन हजार दिलेसुद्धा. वरचे चारशे कुणाच्या खिशातून जायचे, यावर आमच्या घरात अजून बोली चालू आहे.